साडेदहाचं भूत

दिवसभरात कुठल्याच गोष्टीवर एकमत न होणारी आमच्या घरची माणसं रात्री साडेदहाला मात्र एका खोलीत, एका दिशेला तोंड करून बसतात. जेवणं उरकलेली, ओटा पुसलेला, दुधाला विरजण लागलेलं, दाराला आतून कडी. आता बाहेरून कुणी टपकण्याची भीती नाही असं वाटत असतानाच २२ फेब्रुवारी २०१६ रोजी झी मराठीने आमच्या घरात भूत सोडलं. मालिकेचं नाव 'रात्रीस खेळ चाले'.

नाव ऐकूनच बाबा खूश झाले. "अरे, हे तर 'हा खेळ सावल्यांचा'मधलं गाणं! शहात्तर सालचा सिनेमा. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर. शब्द सुधीर मोघ्यांचे, चाल हृदयनाथांची आणि गायलंय कुणी, सांगा बघू? महेंद्र कपूर! माणूस पंजाबी, पण 'ळ' ऐकून बघा त्याचा..." बाबा महेंद्र कपूरच्या 'ळ'पाशी पोचेपर्यंत इकडे मालिकेतले अण्णा नाईक गेले.

"कोण गेलं?"

"अण्णा."

"कोण अण्णा?"

"गेले ते."

पुढची कित्येक वर्षं हे अण्णा आमच्याकडे येत-जात राहिले. पहिल्या पर्वात मेलेले, दुसऱ्या पर्वात जिवंत आणि तिसऱ्या पर्वात भूत, असा उलटसुलट प्रवास त्यांनी केला. पण मला त्या प्रवासापेक्षा कोचावर बसून तो बघणारी माणसं जास्त अचाट वाटत आली. मालिकावाल्यांची समजूत अशी, की प्रेक्षक भुताला घाबरतात. आमच्या घरात कुणी घाबरलेलं मी पाहिलं नाही. आमच्याकडे भुताची चौकशी होते.

आधीच्या भुतांना हा त्रास नव्हता, कारण ती आठवड्यातून एकदा येत. दूरदर्शनवर १९८५ साली 'विक्रम और बेताल' लागायचं. त्यातला वेताळ विक्रमाच्या पाठीवर बसून वर त्यालाच कोड्यात टाकायचा आणि घरोघरची मुलं त्याचं उत्तर शोधत बसायची. म्हणजे भूत विचारणार आणि आपण उत्तर द्यायचं, अशी रीत होती. पुढे 'झी हॉरर शो' आला, १९९५ साली सोनीवर 'आहट' आलं, मराठीत रत्नाकर मतकरींच्या कथांवरचं 'गहिरे पाणी' आलं. या भुतांनी आपला भाव राखला होता. एकदा येऊन गेली, की पुढचे सहा दिवस त्यांचा विचार करत अंधाऱ्या जिन्यातून जायचं. रोजच्या मालिकेने भुताची ही अब्रू घालवली. सोमवार ते शनिवार ठरल्या वेळी यायचं, रविवारी सुट्टी घ्यायची आणि मध्येच सण आला तर वाड्यातल्या मंडळींबरोबर सणही करायचा. रोज येणाऱ्याचं कौतुक आपण जावयाचंसुद्धा करत नाही, तिथे भुताची काय कथा!

आता एक नमुन्याचा प्रसंग घेऊ. वाड्यात मध्यरात्र झालेली आहे. मागच्या पडवीत काहीतरी खडखडतं. घरातली सून दचकून उठते, कंदील उचलते आणि एकेक पाऊल टाकत आवाजाच्या दिशेने निघते. वाद्यवृंदाने जीव मुठीत धरलेला. आमच्या दिवाणखान्यात तेव्हा हे चाललेलं असतं :

"नवऱ्याला उठव की!" आई.

"तो उठतोय कसला! संध्याकाळी घेऊन आलाय तो," आत्या.

"घेऊन आला ते परवा. काल तो तालुक्याला गेला होता."

"मग परत कधी आला?"

"दाखवलं नाही."

"म्हणजे तोच असणार पडवीत."

"अगं, पदर सांभाळ, हातात कंदील आहे!" हे थेट सुनेला.

"लाइट लाव म्हणावं आधी. वाड्यात फ्रिज आहे, मग बटण नसेल का पडवीत?" हे बाबा.

तेवढ्यात सून पडवीच्या दारापाशी पोचते. दार करकरत उघडतं. दारापलीकडे काय आहे ते आपल्याला दाखवत नाहीत, फक्त सुनेचे डोळे विस्फारलेले दिसतात. आत्या पुढे सरकते, चष्मा नीट करते आणि म्हणते, "कानातलं नवीन केलंय हिने."

एवढं झाल्यावर कुठल्या भुताला पुढे यावंसं वाटेल?

मग मध्यंतर. सून उघड्या दारात तशीच उभी आणि इकडे साबणाची जाहिरात. जाहिरातीतल्या बाईला डाग घालवण्याचा जो ध्यास असतो तो सुनेला जीव वाचवण्याचा नसतो, हे आईचं मत. या मध्यंतरात मात्र घराची खरी परीक्षा होते. पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तर मधला बोळ लागतो. "मी येते गं तुझ्याबरोबर, मला पण पाणी हवंय," असं म्हणत आई आणि आत्या जोडीने उठतात. आमची मुलगी त्या दोघींच्या मध्ये शिरते. बाबांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. ते फक्त मोठ्याने खाकरत जातात आणि परतताना बोळातला दिवा विसरून चालू ठेवतात. एरवी दोन मिनिटं दिवा जास्त जळला तर विजेच्या बिलाचं वाचन करणारा हा माणूस साडेदहा ते अकराच्या दरम्यान अत्यंत उदार असतो. कुणी ते बोलून दाखवत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची अब्रू राखायची असते.

बाबांचा विरोध तात्त्विक आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, हे ते प्रत्येक भागात एकदा तरी सांगतात. पडद्यावर कुणी अंगारा काढला, कुणी नारळ उतरवला, की बाबांचा आवाज चढतो. "भूत उतरवतो म्हणून कुणाला मारहाण केली तर गुन्हा आहे. आत जाईल हा!"

"मारहाण गुन्हा आहे, कबूल," आत्या म्हणाली, "पण भूत असणं गुन्हा आहे का?"

बाबा विचारात पडले. बँकेत उभी नोकरी झालेली, नियमाच्या बाहेर बोलण्याची सवय नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "त्याबद्दल कायदा गप्प आहे."

मालिकेच्या गोष्टीचा अभ्यास करण्याच्या पद्धतीही घरोघरी तयार झाल्या. मालिकेत एखादं मडकं फुटलं, तरी दिग्दर्शक घरातल्या प्रत्येकाचा चेहरा रांगेने दाखवतो : माई, दत्ता, माधव, नीलिमा, अभिराम, छाया, पांडू, पुन्हा माई. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, भाग लांबवतायत. आईला तसं वाटत नाही. ती हजेरी घेत असते. सगळे चेहरे झाले की ती निकाल देते, "सरिता नाही दाखवली. तिनेच केलंय." मडकं भुताने फोडलं असेल हा विचार या तपासात कुठेच येत नाही. घरात मोठी सून असताना भुतापर्यंत जायची गरजच काय!

आमच्या शेजारी कुडाळकडचे एक काका राहतात. त्यांच्याकडे टीव्ही आहे, चांगला मोठा आहे, तरी साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना ते आमच्याकडे येतात. एकट्याने बघायला भीती वाटते म्हणून नव्हे. चुका काढायला समोर कुणीतरी लागतं म्हणून. मालिका घडते कोकणात, चित्रीकरण झालं सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात, माणसं बोलतात मालवणी. त्यामुळे या विषयातले आमच्या मजल्यावरचे अंतिम अधिकारी काका. पहिल्या आठवड्यात त्यांनी भाषा तपासली. "असा आमच्याकडे कोण बोलनत नाय," हा शेरा मारून ते भुताकडे वळले.

"ह्यां भूत आमच्याकडला नाय," काका म्हणाले.

"देवचार असेल," आत्या. आत्याला हा शब्द त्यांनीच शिकवलेला.

काका दुखावले. "देवचार म्हणजे गावचो राखणदार. रातच्याक वाट चुकलेल्याक तो घराकडे आणून सोडता. तो कशाक पडवीत येवन कवाडा वाजवतलो?"

"मग हे कोण?"

"ह्यां मुंबैचा भूत असा," काकांनी निकाल दिला. "गावात ह्याचा कोण वळखीचा नाय, म्हणान कवाडा वाजवता."

मग मध्यंतरात काकांनी आरवलीच्या वेतोबाची गोष्ट सांगितली. वेंगुर्ले तालुक्यातलं हे आरवली म्हणजे जयवंत दळवींचं गाव. तिथल्या वेतोबाला नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री वेतोबा गावाची राखण करत फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी गावाची श्रद्धा. आई भारावून ऐकत होती. आत्याने विचारलं, "मग हे वाड्यातलं भूत अनवाणी का?" काकांना हा मुद्दा फारच पटला. "तांच तर सांगतंय! जेका चपला देवक कोण नाय, ता कसला भूत?" पुढचा सगळा भाग दोघांनी पडद्याच्या खालच्या कडेकडे बघून काढला. भूत आलं, पण कॅमेऱ्याने पाय दाखवले नाहीत.

कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, मालिका बंद करा, अशी ओरड त्या वर्षी सिंधुदुर्गातून झाली होती. काका त्या बाजूने होते. "बंदच करूक व्हयी!" असं ते रोज सांगत. रोज म्हणजे साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना.

पण काकांना खरा रस भुतात नव्हता, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. अण्णांची तिरडी उचलून झाली, घरात रडारड चालू होती, खिडकीबाहेरून कुणीतरी डोकावल्यासारखं दाखवलं आणि खोलीतले सगळे श्वास रोखून बसले असताना काका एकदम म्हणाले, "फेरफार झालो काय?"

कुणालाच काही कळलं नाही.

"अण्णा गेले. आता सातबाऱ्यार वारसांची नावां लागाक व्हयी. तीन झील, एक चेडू, बायल. नोंद घातली काय कोणी?"

त्या प्रश्नाने आमची खोली बदलून गेली. बाबा ताठ बसले. आईने आवाज बारीक केला. काकांच्या स्वतःच्या गावच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची नावं अजून आहेत. त्यातली अर्धी माणसं देवाघरी गेली आहेत, एकाचा पत्ता नाही आणि एक चुलतभाऊ समोरच्याच घरात राहून बोलत नाही. कलमं दहाबारा, नारळ पडले की कुणी उचलायचे यावरून कोर्टात तारखा. गणपतीला सगळे त्या एकाच घरात जमतात, आरतीला एका सुरात ओरडतात आणि प्रसाद घेतला की आपापल्या वकिलाला फोन करतात. अशा माणसाला पडवीतल्या खडखडाटाचं काय कौतुक! मालिकेत नेने वकील आले, की काका पुढे सरकून बसत. भूत आलं, की मागे टेकत.

आणि काका एकटे नव्हते. त्या दिवसापासून आमचं सगळं घर मालिका त्यांच्याच डोळ्यांनी बघू लागलं. मोठ्याने शेती राखली, मग त्याला जास्त नको का? मुंबईचा मुलगा वर्षातून एकदा येणार आणि सारखा वाटा मागणार? मुलीला हिस्सा आहे, २००५ सालापासून बरोबरीचा आहे, हे बाबांनी सांगितलं आणि आत्याने बाबांकडे असं काही पाहिलं, की त्या भागातलं सगळ्यात भीतिदायक दृश्य पडद्याबाहेर घडलं. बाबा बोळातला दिवा न लावता झोपायला गेले.

माझी अशी खात्री होत चालली आहे, की ज्याचं नाव अजून सातबाऱ्यावरून कमी झालेलं नाही, त्यालाच आपण भूत म्हणतो. तो मेला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कागदावर अजून तोच मालक. त्याच्या सहीशिवाय काही विकता येत नाही, त्याच्या खोलीत कुणी झोपत नाही, आणि त्याच्या मनात शेवटी काय होतं यावर चार भावांची पाच मतं. असं भूत बहुतेक घरांत असतं. म्हणून तर पडद्यावरच्या भुताला पाहून आपले लोक किंचाळत नाहीत. 'यांच्याकडेही का?' म्हणून ते मान डोलावतात.

रात्रीची चौकशी अपुरी राहते ती सकाळच्या लोकलमध्ये पुरी होते. बायकांच्या डब्यात मटार सोलता सोलता रात्रीच्या भागाचं शवविच्छेदन होतं, असं आमची सौभाग्यवती सांगते. ज्यांनी भाग बघितला त्यांच्याकडून ज्यांनी बघितला नाही त्या माहिती घेतात, पण सगळ्यात खडान्‌खडा माहिती 'मी नाही बाई असलं काही बघत' म्हणणारीकडे असते. पुरुषांच्या डब्यात आम्हीही तेच करतो, फक्त प्रस्तावना वेगळी. "आमची ही बघते, त्यामुळे कानावर पडतं," असं म्हणून जो गृहस्थ बोलायला लागतो, त्याच्या कानावर पांडूच्या सदऱ्याचा रंगही पडलेला असतो.

पांडूचं नाव निघालंच आहे तर त्याचे उपकार मानले पाहिजेत. प्रल्हाद कुडतरकरांनी उभा केलेला हा विसराळू पांडू ऐन वेळी "इसरलंय!" म्हणायचा. मालिका लिहिण्यातही या कुडतरकरांचा हात होता, पण महाराष्ट्रातल्या नवरेमंडळींसाठी त्यांनी या एका शब्दात जे लिहून ठेवलं त्याला तोड नाही. दळण? इसरलंय. विजेचं बिल? इसरलंय. आमच्या मुलीने तर गणिताच्या बाईंना गृहपाठाबद्दल हेच उत्तर दिलं. बाईंनी वहीत लाल शाईने शेरा मारला. तो वाचून मला कळलं, की बाईसुद्धा साडेदहाला जाग्या असतात. शेरा मालवणीत होता.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पहिलं पर्व संपलं, आणि आमच्या घरावर खरा आघात झाला. इतके महिने अंगारे, सावल्या, आवाज बघून झाल्यावर खुनांमागे घरातलंच माणूस निघालं. पोलीस, तपास, उलगडा. आई म्हणाली, "हे मला आधीच माहीत होतं, फक्त मी सरिता म्हणत होते." काका म्हणाले, "वाटणीसाठी माणूस काय पण करतलो," आणि समाधानाने उठले. आत्याला माणूस असो की भूत, फरक पडत नव्हता.

कोसळले ते बाबा. आठ महिने 'भूतबीत काही नसतं' म्हणून ओरडणाऱ्या माणसाने खरं म्हणजे पेढे वाटायला हवे होते. बाबा अस्वस्थपणे येरझारा घालत होते. "असं कसं? मग तो रात्री आवाज यायचा तो कुणाचा? विहिरीपाशी दिसलं ते काय होतं? ते एक सोडा, दार आतून बंद होतं तेव्हा?" त्यांनी न उलगडलेल्या गोष्टींची यादी केली. बँकेत ताळेबंद जुळला नाही की असेच येरझारा घालायचे, असं आई म्हणाली. भूत नाही हे सिद्ध झाल्यावर एवढा हिरमुसलेला विवेकवादी मी दुसरा पाहिला नाही. विश्वास नसला म्हणून काय झालं, इतके दिवस ज्याच्याशी भांडलो तो हजरच नव्हता, हे कुणाला आवडेल?

मग जानेवारी २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि त्यात अण्णा जिवंत झाले. मेलेला माणूस परत आला तो भूत म्हणून नव्हे, पूर्वार्ध म्हणून. ही युक्ती आपल्या कुठल्याच मांत्रिकाला सुचलेली नव्हती. माधव अभ्यंकरांचे अण्णा म्हणजे तिन्हीत्रिकाळ गुरगुरणारा, बायकोला छळणारा, परक्या बाईमागे लागलेला, वेळप्रसंगी माणूस मारणारा इसम. शकुंतला नरेंची माई त्याच्यापुढे उभा जन्म सोसत राहिलेली. आमच्या घरातल्या बायकांनी एकमुखाने ठरवलं, की माईने एकदा तरी लाटणं उचलावं.

आणि मग पडद्यावर आली अपूर्वा नेमळेकरची शेवंता. तिला बघताच आमच्या घरातल्या नीतिमत्तेची विभागणी झाली. आत्या म्हणाली, "काय बाई तरी एकेक! दुसऱ्याच्या संसारात..." आणि मग जरा थांबून, "साडी छान आहे पण." मालिकेवर रागावण्याची ही रीत पुढे दीड वर्ष चालली. अण्णा पडद्यावर आले की "मेला!", शेवंता आली की "भवानी!", आणि दोघांपैकी कुणी एका भागात दिसलं नाही, की "आज काही मजा नाही." सोसणाऱ्या माईबद्दल सगळ्यांच्या मनात अपार कणव होती, पण माईचा प्रसंग लागला की लोक पाणी प्यायला उठत. फोनवर अण्णा आणि शेवंताची चित्रं फिरू लागली. शुभ सकाळच्या फुलांखाली सुविचार पाठवणाऱ्या मंडळींनी ती पुढे ढकलली. गोव्याला निघालेल्या गाड्या आकेरीकडे वळल्या. काकांच्या पुतण्याने तिथून फोटो पाठवला, तर वाड्यासमोर उभं राहून सहकुटुंब हसणारी माणसं. ज्या अंगणात एवढे खून पडले तिथे कुणी धाकट्याला कडेवर घेऊन उभं होतं, कुणी सोलकढी पीत होतं.

मार्च २०२० मध्ये सगळीच चित्रीकरणं थांबली. बाहेर खरोखरची भीती हिंडत होती आणि घरातली ठरल्या वेळेची भीती बंद पडली होती. साडेदहा वाजले, की सवयीने सगळे कोचावर येऊन बसत आणि जुने भाग बघत. काकांना त्या दिवसांत आमच्या घरी येता येत नव्हतं. ते आपल्या दारात खुर्ची टाकून बसायचे, आम्ही आमचं दार उघडं ठेवायचो आणि आवाज मोठा करायचो. चित्र दिसत नसतानाही त्यांनी चुका काढणं सोडलं नाही. आधी बघितलेलं असूनही "दार उघडू नको गं!" असं आई प्रत्येक वेळी सुनेला बजावत राहिली. सुनेने प्रत्येक वेळी दार उघडलं.

त्या वर्षी ऑगस्टअखेर दुसरं पर्व संपलं. तिसरं पर्व आलं मार्च २०२१ मध्ये, आणि त्यात अण्णा एकदाचे भूत म्हणून आले. भयकथेच्या शास्त्राप्रमाणे ही किंकाळीची घटका. आमच्याकडे आत्या टाळी वाजवून म्हणाली, "आले!" आईने विचारलं, "बारीक झालेत का हो?" काका म्हणाले, "नाव अजून सातबाऱ्यार असतला." बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर पाच वर्षांपूर्वीचा ताळेबंद जुळल्याचा आनंद होता.

मी अनेकदा विचार करतो, की मग भीती गेली कुठे? ती गेलेली नाही, फक्त तिला एकटा माणूस सापडावा लागतो. चारचौघांत भूत आलं की त्याचं गोत्र निघतं, गाव निघतं, त्याच्या कपड्यांवर शेरे पडतात, आणि एवढी चौकशी सोसून घाबरवण्याचा जोम कुणात राहतो? आता मालिका फोनवर बघता येतात. हव्या तेव्हा, हवे तितके भाग, कानात बोंडं घालून, अंधारात. मध्ये बोलायला आत्या नाही, हजेरी घ्यायला आई नाही, भाषेत चुका काढायला काका नाहीत. भुताला इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं या नव्या सोयीने त्याला आयतं मिळालं.

माझा भाचा पुण्याला शिकायला असतो. मित्र गावी गेलेले, खोलीवर एकटाच. त्याने एका बैठकीत या जुन्या मालिकेचे कितीतरी भाग बघितले आणि रात्री दीड वाजता घरी फोन लावला. फोन आत्याने घेतला. त्याचा आवाज बसलेला. खिडकीत काहीतरी वाजतंय, दिवा बंद करायची हिंमत होत नाही, कुणीतरी उभं आहेसं वाटतंय, असं तो सांगत होता.

आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुझी ती खोली कुणाची रे?"

"मालकांची."

"मालक आहेत की गेले?"

"थोरले गेले म्हणे मागच्या वर्षी."

"मुलं किती?"

"दोन. पहिल्या मजल्यावर राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. भाडं कुणाला द्यायचं यावरून पण भांडतात."

"मग बरोबर आहे," आत्या म्हणाली. "तू भाडेकरू, तुझ्याशी त्यांचं काही काम नाही. पुन्हा वाजलं तर सरळ सांग, मुलं पहिल्या मजल्यावर राहतात म्हणून."